मसाल्यातली शेवटची मूठ

२ जून

भिंगरी,

तुझं कार्ड मिळालं. चार वर्षांनी आलं आणि त्यावर मोजून तीन वाक्यं. "चिकनच्या काड्यांची पूर्ण कृती पाठवा. वजनासकट, क्रमाने. बाकी काही लिहू नका." वर 'बाबा' नाही, खाली नाव नाही. मी काय किराणा दुकानदार आहे? तरी अक्षर ओळखलं. दारातच उभा राहून चार वेळा वाचलं आणि तुझ्या आईला ओरडून सांगितलं. तिला हल्ली ओरडूनच सांगावं लागतं. डावा कान गेलाय तिचा. भांड्यांच्या कपाटाचं दार लागलं होतं मागे.

एकतीस वर्षं कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये रोज चारशे माणसांना जेवायला घातलं, पण वजन करून काही घातलं नाही. माझा हातच तराजू. तुझ्यासाठी म्हणून काल शेजारणीचा इलेक्ट्रॉनिक काटा मागून आणला, त्यावर माझ्या मुठी रिकाम्या केल्या आणि आकडे उतरवले. या वयात मी एवढं कुणासाठी करत नाही.

घे लिहून. मांस मांडीचं, बिनहाडाचं, एक किलो. छातीचं घेतलंस तर माझं नाव कुठे सांगू नकोस. दोन बोटं रुंद पट्ट्या कापायच्या, मांसाच्या रेषांना आडव्या. सुरी कशी धरायची ते मी शिकवलंच आहे, बोटांची टोकं आत. तुझ्या मधल्या बोटावरची पांढरी खूण त्याच शिकवणीची. लोकांना वाटतं बापाने कापलं. मी सुरीच्या बोथट बाजूने मारलं होतं, हात तू हलवलास. नऊ वर्षांच्या पोरीला तेवढं कळायला हवं.

गवती चहाच्या बुडख्याचा पांढरा भाग चाळीस ग्रॅम, लसूण तीस, आलं वीस, भाजलेले धणे पंधरा, जिरे पाच, ओली हळद बोटभर, गूळ चाळीस, सोया सॉस तीन चमचे, मीठ बेताने. पाट्यावर वाटायचं, मिक्सरला लावलंस की गवती चहाचे दोरे दातात येतात. मग नारळाचं घट्ट दूध एक वाटी. पट्ट्या त्यात चार तास मुरू द्यायच्या. बांबूच्या काड्या तासभर पाण्यात बुडवून ठेव, नाहीतर मांस शिजायच्या आधी काडीच पेटते. कोळसा वरून पांढरा पडेपर्यंत शेगडीवर काही ठेवायचं नाही. भाजताना ब्रशने नारळाचं दूध फिरवत राहायचं.

सॉससाठी शेंगदाणे पाव किलो, भाजून, चोळून, पाखडून. अर्धे बारीक कुटायचे, अर्धे भरड. भिजवलेल्या लाल मिरच्या, कांदा आणि लसूण वाटून तेलावर परतायचं, वर नारळाचं दूध, चिंचेचा कोळ, गूळ, मग कूट. तेल कडेला येईपर्यंत ढवळायचं. हात थांबला की बुडाला लागलं.

आणि हो, मसाला कालवून झाला की मी "पाठ" म्हणायचो, ते तुला आठवत असेल. तू आणि तुझी आई भिंतीकडे तोंड करून दहा अंक मोजायच्या आणि मी शेवटची मूठ घालायचो. कॅन्टीनमध्येही मदतनीसांना असंच उभं करायचो. आचाऱ्याने एक गोष्ट स्वतःजवळ ठेवायची असते, नाहीतर त्याच्या जागी उद्या दुसरा येतो. आता सांगायला हरकत नाही, त्या मुठीत काहीच नसायचं. रिकामी मूठ फिरवायचो. नुसता रुबाब.

बाकी काही लिहू नका म्हणालीस, म्हणून लिहीत नाही.

बाबा

१४ जून

भिंगरी,

यावेळी कार्ड नाही, पत्र. अर्धं पानच, पण पत्र. प्रगती आहे.

तू लिहितेस, दोनदा करून पाहिलं. रंग आला, वास आला, पण काड्या त्या नाहीत. मसाला मांसाला धरत नाही, ओघळून कोळशात पडतो. वरचा खरपूस थर येत नाही. "रिकाम्या मुठीने थर येत नाही. मुठीत काय होतं?" सासरी राहून तुझं तोंड फार चालायला लागलंय.

आणि सॉस केलाच नाहीस. "शेंगदाणे या घरात येत नाहीत," एवढंच लिहिलंस. आता मी काय त्यावर रडत बसू? तू पूर्ण कृती मागितलीस, मी पूर्ण दिली. सॉसचं लिहिताना माझ्या मनात ते आलंच नाही. खरंच आलं नाही.

थर येत नाही याला शंभर कारणं असतात. कोळसा ओला असेल. हल्लीची कोंबडी पाण्यावर फुगवलेली असते. तुझा हातही घाईचा आहे, लहानपणापासून. आठवतं ना, कच्ची काडी ताटात वाढली होतीस पाहुण्यांसमोर? मी ती तुझ्या दंडाला टेकवली होती. गरम आणि शिजलेलं यातला फरक कळावा म्हणून. तू ओरडली नाहीस. ओठ चावून रक्त काढलंस आणि माझ्याकडे बघत राहिलीस. मी पाहुण्यांना म्हणालो, पोरगी माझ्यावर गेलीय. त्या दिवशी मला अभिमान वाटला होता, हे आज लिहिताना विचित्र दिसतंय. पण वाटला होता.

बरं, इतकी मागे लागली आहेस तर सांगतो. दुधाची पावडर. मूठभर दुधाची पावडर घालायचो. झालं समाधान?

तुझी आई शेजारी बसून लसूण सोलते आहे. पत्रात काय लिहितोय असं विचारत नाही. पण मी पावडरीचं लिहिलं तेव्हा तिचा हात थांबला. तिला वाचता येतं हे मी कधीकधी विसरतो. मी काय बघतेस म्हणून ओरडलो, ती पुन्हा सोलायला लागली. कपाटाचं दार म्हणालो होतो ना मागच्या पत्रात, ते दार नव्हतं. माझा हात लागला होता. हात म्हणजे हातात काहीतरी होतं. जाऊ दे.

माझाही डावा तळहात अजून पूर्ण उघडत नाही, तू केलंस तेव्हापासून. तक्रार करत नाही. थंडीत ओढतो.

बाबा

२९ जून

भिंगरी,

तुझं पत्र तीन दिवस खिशात घेऊन फिरलो. तीन पानं. तू इतकं मला शाळेतसुद्धा कधी लिहिलं नव्हतंस.

दुधाची पावडर करपली म्हणतेस. काजू घालून पाहिलेस, खोबऱ्याचा कीस, तांदळाचं पीठ. थर कशानेच येत नाही. आणि मग खाली लिहितेस, "एक वस्तू मी घालून पाहिलेली नाही. पाहणारही नाही, तिकडे माझा हात जात नाही. त्या दिवशी दोन ब्रश होते. साधा त्यांच्या बिनसॉसच्या काड्यांसाठी, लाल दोरा बांधलेला सॉस लावायच्या काड्यांसाठी. दोन्ही माझ्या हातात होते. मी अदलाबदल केली का, हे मला चार वर्षं आठवत नाही. मुठीत ती वस्तू नसेल, तर ते माझ्या हातून गेले. असेल तर नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी मानीन. मला एकदाचं कळायला हवं."

आणि विहीणबाई तुझ्या हातचं खात नाहीत, हे मला माहीत नव्हतं. एका घरात चार वर्षं राहता, तुला एक शब्द बोलत नाहीत, पण स्वतःचा भात स्वतः शिजवतात आणि तुझ्या हातचं पाणीसुद्धा सांडून पुन्हा भरून घेतात. त्यापेक्षा सरळ दोन थोबाडीत दिलेल्या बऱ्या. निदान हिशेब मिटतो. मार खाल्लेलं माणूस संध्याकाळी जेवायला बसतं. हे मी अनुभवाने सांगतो, मारणाऱ्याच्या अनुभवाने.

जावईबापूंबद्दल मी तुला कधी काही बोललो नाही. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. डोळ्याला भिंग, बोटं पेन्सिलीसारखी, आवाज असा की दुसऱ्यांदा विचारावं लागे. लग्न ठरतानाच त्याने सांगितलं होतं, शेंगदाणा चालत नाही, चालत नाही म्हणजे हात लागला तरी चालत नाही, घसा बंद होतो. मी कॅन्टीनमध्ये पोती रिकामी केलेला माणूस. मला हसू आलं. मी मनात म्हटलं, आली एक नाजूक बाहुली घरात.

तो गेला त्या रविवारच्या तीन आठवडे आधीची गोष्ट तुला माहीत नाही. तू बाजारात गेली होतीस. तुझ्या आईने पाणी द्यायला उशीर केला म्हणून मी हात उचलला, आणि त्याने माझं मनगट धरलं. बसल्या जागेवरून. त्या पेन्सिलींनी. मी जोर लावला, सुटलं नाही. तो हळूच म्हणाला, "यांना पुन्हा हात लावलात तर मी दोघींना घेऊन जाईन, बाबा." बाबा म्हणाला, तेच जास्त लागलं. तुझ्या आईने ते पाहिलं. ती आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर हसली. मला तिथेच दोघांची मुंडकी पिरगाळावीशी वाटली.

पण हे जुनं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही. मुठीत ते नव्हतं. मी नेहमीसारखी पावडर घातली होती.

ब्रश बदलला असेल, भिंगरी. धूर होता, घाई होती. माणसाकडूनच होतं. तू मला तळहातात काड्या खुपसल्यास तरी मी तुला कधी दोष दिला नाही, याचाही देत नाही. मी तुला माफ केलं आहे असं समज.

बाबा

११ जुलै

माझी भिंगरी,

पत्राच्या वर 'बाबा' लिहिलंस. मी ते कात्रीने कापून पाकिटात ठेवणार होतो, मग पत्र अर्धवट होईल म्हणून सगळंच पाकिटात ठेवलं.

"बाबा, तुम्ही नाही म्हणालात, म्हणजे नाही. आता एकच बाजू उरली. इतकी वर्षं दोन्हीकडून ओढ होती, ती थांबली. रविवारी सासूबाईंना सांगते की ब्रश मीच बदलला. त्या काय करायचं ते करोत. त्यानंतर तुम्ही आणि आई या."

या. तू 'या' लिहिलंस. मी दोन तिकिटं काढली, पंचवीस तारखेची. नवा शर्ट घेतला. तुझ्या आईला म्हटलं, तुलाही साडी घे. ती म्हणाली, कशाला. मी म्हटलं, पोरीकडे जायचंय. ती म्हणाली, तिला काय लिहिलंत? मी म्हटलं, जे लिहायला हवं ते. एरवी मी असल्या प्रश्नाला तोंडाने उत्तर देत नाही, पण त्या दिवशी मी खुशीत होतो.

विहीणबाईंना सांग बिनधास्त. सांगितलं की मन मोकळं होतं. आणि त्यांनी हात टाकलाच तर टाकू दे, एकदाच टाकतील. तुला सवय आहे. मग मी येतोच आहे.

तुझा बाबा

१९ जुलै

मूर्ख कार्टे,

कुणी सांगितलं होतं तुला हे करायला? सांगायला काय हात शेगडीवर ठेवावा लागतो? विहीणबाईंचं पत्र आलं. त्यांचं अक्षर पहिल्यांदाच पाहिलं. त्या लिहितात, "तिने मला सांगितलं. मी म्हणाले, मला माहीतच होतं, आणि आत गेले. जळका वास आला म्हणून बाहेर आले, तर तिने उजवा तळहात कोळशाच्या जाळीवर दाबून धरला होता. ओढून काढावं लागलं. कातडी जाळीवर राहिली. ओरडली नाही. मी तिला मारलेलं नाही, कृपया तसं समजू नका. डॉक्टर म्हणतात बोटं मिटणार नाहीत. तुम्ही तिला काय लिहिलं होतं?"

मी येऊन त्या बाईचे दात पाडतो. माहीतच होतं म्हणजे काय? तिला काय माहीत होतं? चार वर्षं पोरीला पाणी सांडून सांडून मारलं तिने. आणि तू? आपला हात जाळायला तो काय दुसऱ्याचा आहे? तुला धरून एकदा अशी

२० जुलै

भिंगरी,

कालचं पत्र तिथेच थांबलं, पण तेही जोडून पाठवतो. तू बघावंस म्हणून. मी काय माणूस आहे हे त्यातून तुला नवीन कळणार नाही, पण पाठवतो.

तुझ्या आईने ते माझ्या हाताखालून ओढून घेतलं आणि वाचलं. मग म्हणाली, "आता तरी." दोनच शब्द. मी उठून हात उचलला. तिने मान वळवली. मला वाटलं मार चुकवते आहे. ती मार चुकवत नव्हती, तिने चांगला कान माझ्याकडे केला होता. मी काय बोलतो ते ऐकायला. मी तसाच हात वर करून किती वेळ उभा होतो कोण जाणे. मग बसलो. दुपारभर बसून हे लिहितोय.

त्या मुठीत शेंगदाणे होते. भाजलेले, साल काढून अगदी मऊ कुटलेले. साठ ग्रॅम, आज काट्यावर टाकून पाहिले. कॅन्टीनमध्येही तेच होतं, पहिल्या दिवसापासून. त्यानेच मसाला धरतो, त्यानेच थर येतो. तुझी जीभ बरोबर होती.

तू ब्रश बदलला नव्हतास. बदलला असतास तरी काही फरक पडला नसता, दोन्ही बाजूंच्या काड्यांत तेच होतं.

विसरून घातली असं मी स्वतःला खूप दिवस सांगितलं. सवयीने हात गेला, असं. ते खोटं आहे. मला लक्षात होतं. सत्तावीस वर्षांची बाई तू, मी "पाठ" म्हटलं तशी हसत भिंतीकडे वळलीस आणि मोठ्याने दहा मोजलेस. सहापर्यंत माझी मूठ मिटलेली होती. त्याने माझं मनगट धरलं होतं, त्याचा विचार करत होतो. सातला उघडली.

त्याला मारायचं नव्हतं. हे खरं आहे, पण तुला ते खरं वाटावं असा माझा हट्ट नाही. मला त्याने सहा-सात काड्या खायला हव्या होत्या. मग सगळ्यांसमोर मी सांगणार होतो, जावईबापू, मूठभर शेंगदाणे खाल्लेत आणि ढेकर दिलीत, कुठे गेला तुमचा घसा? मी ते वाक्य सकाळपासून तोंडात घोळवत होतो. तो लाजेल, तू हसशील, तुझ्या आईचं हसू उतरेल. एवढंच हवं होतं. त्यासाठी तो मेला.

तिसऱ्या काडीनंतर त्याने विचारलं, मसाला तिखट आहे का, जीभ चुरचुरते. मग ओठ सुजले. मग तो खुर्चीवरून खाली आला आणि गळ्याला हात लावून तुझ्याकडे बघायला लागला. तू त्याची घसा उघडायच्या औषधाच्या सुईची पिशवी आणायला आत धावलीस आणि मी तुझा दंड धरला. म्हणालो, नाटकं आहेत, पाणी पाज. तुला वाटत असेल क्षणभर धरलं. क्षणभर नव्हतं. तू माझ्या पोटऱ्यांवर लाथा मारल्यास, खांद्याला चावलीस, मी सोडलं नाही. सोडलं असतं तर मी घाबरलो असं दिसलं असतं. त्याचे ओठ निळे पडायला लागले तरी धरून होतो. तू टेबलावरचा काड्यांचा जुडगा उचललास आणि माझ्या तळहातात आरपार घातलास, तेव्हा हात सुटला. तू सुई आणलीस, टोचलीस. उशीर झाला होता. उशीर मी केला. दवाखान्याच्या पायऱ्यांवर तो गेला, तुझ्या मांडीवर. मी तिथे फडकं गुंडाळलेला हात घेऊन उभा होतो आणि माझ्या मनात आलं, आता हे कुणाच्या डोक्यावर येणार.

मी तुमच्या आधी घरी आलो. उरलेला मसाला, उरलेल्या काड्या, सगळं कोळशात घातलं. परात घासली. खलबत्ता घासला. संध्याकाळी पोलीस चौकीतला माणूस आला, त्याने विचारलं काय झालं असेल. ब्रशचं नाव पहिल्यांदा मी काढलं. तू तेव्हा भिंतीला टेकून बसली होतीस, तुला वाटलं तूच बोललीस. मी बोललो. तू मान हलवलीस आणि त्याने लिहून घेतलं.

आणि गेल्या महिन्यात तू सरळ विचारलंस, आणि मी नाही म्हणालो, वर तुला माफ केलं. ते वाक्य मी आज पुन्हा वाचलं. मला माझ्या तोंडावर बूट मारावासा वाटला. तुझा हात मी जाळला, भिंगरी. जाळीवर तू ठेवलास, कोळसा मी पेटवला.

याच पत्राची एक नक्कल विहीणबाईंना याच टपालाने जाते आहे. उद्या सकाळी दहाला मी चौकीत जातो. त्या माणसाची बदली झाली असेल, दुसरा असेल, त्याला सगळं पहिल्यापासून सांगेन. पंचवीसची तिकिटं परत केली. माफी मागत नाही, मागितली की उत्तर देणं तुझ्या गळ्यात पडेल.

एकच सांगणं आहे. तुझ्या आईला यातलं काही माहीत नव्हतं. त्या दिवशी सकाळीच मिठावरून माझं डोकं फिरलं आणि मी तिच्या कानावर चिमटा मारला. शेगडीचा, लोखंडी. तेव्हा कान गेला. ती दिवसभर आतल्या खोलीत पडून होती, तिने ना मूठ पाहिली ना काड्या. तिला काही विचारू नकोस. पाकीट चिकटवायला तिच्याकडे देतो आहे, मला एका हाताने जमत नाही.

बाबा

बाळा,

पाकीट चिकटवायच्या आधी खाली जागा दिसली म्हणून लिहिते. तुझ्या बाबांनी सगळं खरं लिहिलं आहे, माझ्याबद्दलचं सोडून.

मार मिठावरून बसला नाही. तू कोळसा पेटवायला बाहेर गेलीस तेव्हा मी त्यांना विचारलं, मूठ घातलीत का, जावईबापूंसाठी वेगळं काढलंत का. मला मुठीत काय असतं ते लग्नानंतर महिन्याभरातच कळलं होतं. म्हणून चिमटा बसला. रक्त पुसलं, पदर बांधला आणि त्याच मसाल्यातल्या पट्ट्या मीच काड्यांना ओवल्या. तुझ्याकडे येऊन एक शब्द सांगता आला असता. दार उघडंच होतं. मी नाही आले. कान दुखत होता, हे कारण नाही. मी घाबरले, हे आहे.

आत पडून वगैरे मी नव्हते. खिडकीतून बघत होते. वाटत होतं, पहिल्या घासालाच जावईबापूंना कळेल, थुंकतील, थांबवता येईल. त्यांनी एक खाल्ली. दुसरी खाल्ली. काही झालं नाही. मला इतकं बरं वाटलं, बाळा, की मला वाटलं तुझे बाबाच बरोबर असतील, शेंगदाण्याने कुणी मरत नसेल आणि मी उगीच मार खाल्ला. तू पुढच्या अंगणात कोळसा आणायला गेलीस, तेव्हा मी बाहेर आले. तुझे बाबा माझ्याकडे बघत होते. आता तरी यांचा राग जावा म्हणून मी ताट उचललं आणि जावईबापूंपुढे धरलं.

ते पुरे म्हणाले. पोटावर हात ठेवून, हसून पुरे म्हणाले. तिसरी मी आग्रह करून वाढली.